पहिला शनिवार, एक नोव्हेंबर: बेळगावातल्या एका कवितावाचन गटाचं प्रकरण

कॅफेवाल्या पोराचा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत दिवसाची रोकड जुळवत बसलो होतो. सात रुपयांचा फरक निघत होता. “सर, कॅलेंडर बघितलासा काय? पुढचा पहिला शनिवार एक तारखेला येऊलालाय.” मी बघितलं नव्हतं. दर महिन्याचा पहिला शनिवार कवितेचा, हे दहा महिन्यांत इतकं अंगवळणी पडलं होतं की 2025 चा नोव्हेंबर शनिवारीच सुरू होतो हे ध्यानातच आलं नाही.

बेळगावबाहेरच्या वाचकाला यात काय एवढं असं वाटेल, म्हणून सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून इथे या तारखेला दोन दिवस असतात. सकाळी महाराष्ट्रात जाऊ मागणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी, काळे झेंडे, दंडाला काळ्या फिती. संध्याकाळी राणी चन्नम्मा चौकाकडे लाल-पिवळ्या झेंड्यांची कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, ती मध्यरात्र उलटली तरी संपत नाही. दोन्हीकडे माझ्या ओळखीची माणसं असतात. रस्ते बंद, बंदोबस्त, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा रंग बघतो.

पोराचं म्हणणं साधं होतं. टिळकवाडीतल्या त्याच्या कॅफेला रस्त्याच्या बाजूने अख्खी काच. आत पंधरा माणसं गोल बसून मराठीत मोठ्याने काहीतरी वाचतायत, हे त्या संध्याकाळी बाहेरून जाणाऱ्याला कसं दिसेल? पोरगा स्वतः मराठी. पण काचेचे पैसे त्याने कर्ज काढून भरलेले.

“बघूया” म्हणून मी फोन ठेवला आणि ड्रॉवरमधून गटाची वही काढली. धंद्याची सवय, जिथे जातो तिथे वही घालतो. तारीख, हजेरी, कोणी काय वाचलं, किती मिनिटं, डब्यात किती पैसे. हजेरीचा रकाना वरून खाली वाचला. जानेवारी 9, फेब्रुवारी 14, मार्च 17, एप्रिल 19, मे 16, जून 15, जुलै 13, ऑगस्ट 9, सप्टेंबर 3, ऑक्टोबर 6.

एक नोव्हेंबरचा प्रश्न दारात यायच्या आधीच गट निम्म्याच्या खाली आला होता.

सीमाभागात एखादा मराठी उपक्रम बंद पडला की आम्हाला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. कारण तयारच असतं, मोठं असतं, आणि ते सांगितलं की समोरचा मान हलवतो. मीही तेच सांगून मोकळा झालो असतो. वहीने सांगू दिलं नाही. म्हणून हे प्रकरण लिहून काढतोय.

दुकानातले पाच महिने

सुरुवात पेठेतल्या एका पुस्तकाच्या दुकानात झाली. दुकानदाराला आम्ही सगळे काका म्हणतो. बेळगावातलं कुठलंही पुस्तकाचं दुकान घ्या, ते चालतं शाळेच्या पुस्तकांवर, गाइडांवर आणि वह्यांवर. मराठी कवितेला एक कप्पा मिळतो, तोही पंचांग आणि पाककृतींच्या मधे. काकांचा कप्पा सव्वा फूट लांब. सहा महिन्यांत दोन पुस्तकं गेली होती त्यातली, असं त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, “या की बसायला. निदान धूळ तरी उडंल.”

सार्वजनिक वाचनालयाकडे जायला हवं होतं, असं काही जण म्हणाले. वाचनालय 1848 सालचं, गावाला त्याचा अभिमान आहे. पण सभागृह म्हटलं की पाठीमागे बॅनर, समोर टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, मग अध्यक्ष, प्रास्ताविक आणि आभार. मला तांब्या नको होता. दुकानात साडेसहाला शटर अर्धं खाली ओढायचं, गल्लीतल्या मंडळाकडून आणलेल्या चौदा घडीच्या खुर्च्या मांडायच्या, कुणी उशिरा आला की वाकून आत यायचं. पहिल्या तीन महिन्यांत कविता वाचायची म्हणजे कुणाचीही, जी मनात असेल ती, एवढंच ठरलेलं होतं. नियम काहीच नव्हता. तो नसणं हीच चूक होती, पण तेव्हा तो मोकळेपणा वाटला.

आमच्या भागात कवी कमी नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा... हिवाळा आला की गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, मांडवात हजारभर माणूस बसतं, गावजेवण असतं. हे वैभवच आहे, पुण्या-मुंबईकडच्यांनी येऊन बघावं. प्रत्येक संमेलनात एक सत्र कविसंमेलनाचं. आमच्या कवीची घडण त्या मांडवातली: माइक, सूत्रसंचालक, “क्या बात है”, शेवटी शाल आणि नारळ. मार्चमध्ये अशी दोन-तीन मंडळी दुकानात आली, एप्रिलमध्ये त्यांनी आणखी आणली, आणि सगळ्यांच्या खिशात घडी घातलेले कागद होते.

एप्रिलची नोंद जशीच्या तशी देतो. हजर 19. वाचणारे 17, सतराही जणांनी स्वतःचंच वाचलं. “दोन छोट्या वाचतो” म्हणाले त्यांना सरासरी नऊ मिनिटं लागली. मी मोबाइलवर वेळ लावून बसलो होतो, हा उद्योग कुणाला सांगितला नव्हता. साडेसहाला सुरू झालेली बैठक नऊला दहा कमी असताना संपली. आपलं वाचून झालं की माणूस दहा मिनिटं भलेपणाने बसायचा, मग फोन आल्यासारखं करून बाहेर. शेवटची वाचणारी मुलगी उभी राहिली तेव्हा समोर चौघं होतो: मी, काका, दुकानातला पोरगा, आणि तिला न्यायला आलेला तिचा भाऊ, तो शटरखालून नुसते पाय दाखवत उभा.

वहीत त्या दिवशी 19 हा आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा मी लाल शाईने लिहिला होता. गट त्याच संध्याकाळी आजारी पडला होता.

कॅफेतले पाच महिने

कर्नाटकात शाळा महाराष्ट्राच्या दोन आठवडे आधी, जूनच्या तोंडावर सुरू होतात. मे संपता संपता काकांच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे छताला लागले, खुर्ची सोडाच, उभं राहायला जागा उरली नाही. म्हणून टिळकवाडीचं कॅफे. जागा छान, पंखे नवे, आणि कॉलेजची पोरं येतील ही आशा. ती आलीही.

पण कॉफीचं मशीन आहे. दूध फेसाळताना ते असा फुस्स आवाज काढतं की ओळीचा शेवटचा शब्द गेलाच. घरपोच ऑर्डर न्यायला येणारी पोरं दारातून नंबर ओरडतात. याचा परिणाम मला दोन महिन्यांनी कळला: हळू आवाजाची कविता वाचणं लोकांनी आपोआप सोडलं. टाळी घेणारं, यमक आपटणारं, दोन ओळींत फटका मारणारं तेवढं त्या गोंगाटात टिकायचं. ज्या बाई पहिल्या दिवसापासून इंदिरा संतांच्या कविता आणायच्या, त्यांनी जुलैत पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. इंदिराबाईंचं बेळगाव, त्यांचं आयुष्य या गावात गेलं, आणि गावातल्या कवितेच्या बैठकीत त्यांना ऐकू जाण्याएवढी शांतता आम्ही देऊ शकत नव्हतो. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती; मी मशीनला दोष दिला.

पैशाची गोष्ट निराळीच. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ ही कॅफेची कमाईची वेळ. जुलैत आम्ही तेरा जण पाच टेबलं अडवून दोन तास बसलो आणि बिल झालं 640 रुपये. पोरगा काही बोलला नाही, पण ऑगस्टमध्ये अदबीने म्हणाला, “सर, माणशी दीडशे ठेवूया काय? एक कॉफी, एक प्लेट सँडविच. माझंही सुटंल, तुमचंही.” हिशेबाने त्याचं बरोबर होतं.

आमच्यात एक निवृत्त वकील आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, की हौशी मंडळाने फुकट ऐकायला आलेल्या लोकांपुढे कविता वाचली तर कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात त्याला सूट आहे. ऐकणाऱ्याकडून पैसे घेतले की ती सूट गेली. दीडशे रुपये कॉफीचे की कवितेचे, यावर वाद घालता येईल, पण वाद घालायची वेळच का आणावी? आणि मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट दाखवलं. मी दर वेळी कवितांच्या वीस-वीस झेरॉक्स काढून वाटत होतो. “वाचणं वेगळं आणि छापून वाटणं वेगळं, कळलं काय?” कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. बालकवी 1918 ला गेले, मर्ढेकर 1956 ला. त्यांचं खुशाल वाटा. इंदिराबाई 2000 साली गेल्या, म्हणजे 2060 संपेपर्यंत थांबा.

माणशी दीडशे बारगळलं. त्याऐवजी श्रीखंडाचा रिकामा डबा फिरवायचा, त्यात जे पडेल ते आणि ऑर्डर मिळून हजार रुपये कॅफेला भरायचे, कमी पडले तर मी घालायचे, असं ठरलं. ऑगस्टमध्ये मी 310 घातले. झेरॉक्सही त्याच दिवशी बंद झाली. हातात कागद नसल्यावर कविता एकदा ऐकून पकडता येईना, म्हणून लोक म्हणू लागले, “परत एकदा वाचा की.” हे ‘परत एकदा’ पुढे आमच्या फार उपयोगी पडलं. तेव्हा ते मला फक्त वेळखाऊ वाटलं.

सप्टेंबरचा पहिला शनिवार म्हणजे 6 तारीख, अनंत चतुर्दशी. बेळगावचं विसर्जन ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. कपिलेश्वराच्या तलावाकडे निघालेले गणपती दुसऱ्या दिवशीही रस्त्यावरच असतात. तिघं आलो. त्यातला एक मिरवणुकीतून पाणी प्यायला म्हणून आत शिरला होता.

एक तारखेचा निर्णय

तर ऑक्टोबरातला तो फोन. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विषय टाकला आणि तीन महिने गप्प असलेला ग्रुप रात्री बारापर्यंत वाजत राहिला. बैठकीला न फिरकणारे सतरा जण मत द्यायला हजर.

एक पक्ष म्हणाला, त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच काचेमागे बसायचं. दुसरा म्हणाला, तारीख पुढे ढकला, डोक्याला ताप कशाला. तिसरी सूचना एका उत्साही पोराची: त्या दिवशी फक्त कन्नड कविता वाचू, म्हणजे प्रश्नच मिटला. ही सूचना दोन्ही बाजूंना सारखीच झोंबली.

पहिल्या पक्षाचे म्होरके आमचे गुरुजी. हायस्कुलात पस्तीस वर्षं मराठी शिकवलेले. पहिल्या बैठकीला पहिली कविता त्यांनी वाचली होती. ते पतसंस्थेतच आले, काउंटरपलीकडे उभे राहिले. त्यांनी 1946 काढलं. त्या वर्षी बेळगावला साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या संमेलनात झाला. “साहित्याच्या मांडवात ठराव झालाय ह्या गावात. आणि तू कॅफेच्या काचेला भिऊलालास?”

गुरुजींचं म्हणणं पोकळ नव्हतं. या गावात मराठी साहित्याला जमलेली माणसं आणि सीमाप्रश्न यांची सोयरीक तेव्हापासूनची आहे, आणि म्हणूनच बाहेरून बघणारा आमच्या वर्तुळाकडे नुसतं कवितेचं वर्तुळ म्हणून बघणार नाही. गुरुजींना ते हवंच होतं. माझी अडचण दुसरी. गटात दोघं कन्नड बोलणारे होते, धारवाडकडचे एक प्राध्यापक सर आणि वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी. ते कवितेसाठी येत होते. त्यांना त्या दिवशी त्या काचेमागे बसवणं म्हणजे त्यांच्याकडून एक सही घेणं होतं, जी त्यांनी देऊ केलेली नव्हती. आणि काच माझी नव्हती. दुसऱ्याच्या काचेमागे बसून बाणेदारपणा दाखवायचा नाही, एवढं मला कळत होतं.

मी तारीख बदलली. 9 नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ, आणि जागा पुन्हा काकांचं दुकान. रविवारी ते अकराला उघडतात. गुरुजी म्हणाले, “माघार ती माघार.” त्यानंतर ते आलेले नाहीत. दोनदा घरी जाऊन आलो. चहा देतात, तब्येत विचारतात, विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवतात. हा या निर्णयाचा खर्च आहे आणि तो वहीत कुठल्या रकान्यात मांडायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

नऊ नोव्हेंबर

पाच जण. मी, वकील, इंदिराबाईंवाल्या बाई, कन्नड सर, आणि एप्रिलमध्ये शेवटी वाचलेली ती इंजिनिअरिंगची मुलगी. काका शटरजवळ हिशेब करत. मी वही उघडून एप्रिलची नोंद मोठ्याने वाचली, मिनिटांसकट. बाई हसल्या. “म्हणजे तू ऐकत नव्हतास. घड्याळ बघत होतास.” खरं होतं.

त्या सकाळी चार गोष्टी ठरल्या, भांडून ठरल्या. एका बैठकीत चारच कविता. कविता दुसऱ्या कुणाची तरी असावी आणि पुस्तकातूनच वाचायची. प्रत्येक कविता दोनदा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात. आणि स्वतःच्या कवितेचं काय, यावर तासभर गेला. पूर्ण बंदी घातली असती तर निम्मे कवी रागावले असते आणि त्यांचं चुकलंही नसतं. लिहिणाऱ्याला कुठेतरी ऐकवावंसं वाटणारच. तोडगा मुलीने काढला. महिन्याला एकाच माणसाची एकच स्वतःची कविता, पण ती त्याने वाचायची नाही. दुसऱ्याने वाचायची, कवीने बसून ऐकायची.

हा नियम मी जन्मात सुचवला नसता. डिसेंबरात एका मांडव गाजवणाऱ्या कवीची पाळी आली. बाईंनी त्यांची कविता वाचली, साध्या आवाजात, कुठेही न थांबता. ते स्वतः वाचताना दुसऱ्या कडव्यानंतर टाळीसाठी थांबायचे, तिथे बाई थांबल्याच नाहीत. कवी खाली बघत होते. संपल्यावर म्हणाले, “तिसरं कडवं नकोच होतं काय ओ?” कुणीच उत्तर दिलं नाही. जानेवारीत ते परत आले, दुसऱ्याची कविता घेऊन. एप्रिलच्या सतरांपैकी असे परतलेले चौघं. बाकीच्यांना नियम पटला नाही, त्यांनी अनगोळकडे एकाच्या घरी आपली स्वतंत्र बैठक सुरू केलीय, ती दणक्यात चालते असं ऐकतो. चालू दे.

दोनदा वाचण्यातून काय होतं ते त्या मुलीमुळे दिसलं. ती इंग्रजी माध्यमाची. शाळेत इंग्रजी, कन्नड आणि हिंदी. मराठी घरात बोलली तेवढीच. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, त्यामुळे कागदावरचं मराठी ती हिंदीच्या डोळ्यांनी वाचते. एका जुन्या कवितेत ‘चांदणे’ होतं. तिने ‘चार’मधला च लावला. बाईंनी थांबवलं नाही, कविता संपू दिली. मग विचारलं, “घरात अंगणात काय पडतं गं रात्री?” ती म्हणाली, “चांदणं.” ‘चाक’मधला च, अगदी बरोबर, दाताशी. “मग तेच वाच की. पुस्तकात दुसरं काही नाही.” दुसऱ्या वेळी तिने पुस्तक खाली धरलं आणि एकेक ओळ बघून, मान वर करून म्हटली. सगळे च आणि ज आपापल्या जागी गेले. तिची आजी बोलत असावी तसं ऐकू आलं. काकांचा कॅल्क्युलेटर थांबला होता, हे मी वहीत लिहिलंय.

कन्नडचं काय केलं

ही गोष्ट आम्ही मोठी केली नाही, म्हणून जमली असावी. चारांतली एक जागा कन्नड कवितेला, कुणी आणली तर. आधी कन्नडमध्येच वाचायची, अर्थ न सांगता. आमच्यातल्या बहुतेकांना बाजारापुरतं कन्नड येतं, लिपी येत नाही. कानाने बरंचसं लागतं. मग सर शब्द फोडून सांगतात, मग पुन्हा कन्नड. भाषांतर करून वाचायचा प्रयोग एकदा केला, तो पडला. सगळे भाषांतरातले शब्द सुधारत बसले, मूळ कविता बाजूलाच राहिली.

सरांनी बेंद्रे आणले. द. रा. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी होती, हे गटातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. घरात मराठी बोलणारा धारवाडचा माणूस कन्नडचा एवढा मोठा कवी झाला, 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, यावर वकील थोडे अस्वस्थ झाले, बाई थोड्या खूश. वाद होईल असं वाटलं. झाला नाही, कारण कविता दुसऱ्यांदा वाचायची राहिली होती.

जानेवारीत संक्रांत तीन दिवसांवर असताना एक सून आपल्या सासूबाईंना घेऊन आली. कडोलीच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. “माझं काय काम हितं?” म्हणून वह्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. आग्रह झाल्यावर त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, भावाच्या, माहेरच्या वाटेच्या. हात नकळत गोल फिरत होता. सर ऐकता ऐकता पुढे सरकले आणि त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं बीसुकल्लिन पद म्हटलं, कन्नडमधलं दळणाचं गाणं, तीन ओळींचं. सासूबाई म्हणाल्या, “हे आमच्या शेजारनीचं गाणं. ती म्हणायची, मी ओढायची.” जातं दोघी मिळून ओढायच्या. एकीची ओवी संपली की दुसरीचं पद. आम्हाला यावर काही बोलायचं होतं, पण त्यांना साडेअकराची बस होती.

कागद, कप्पा आणि तोटा

काकांनी दुकानाच्या पाटीवर वरती साठ टक्के कन्नड करून घेतलंय. 2024 च्या दुरुस्तीनंतर व्यापारी पाट्यांना ते बंधनकारक आहे. आमच्या बैठकीचा कागद ही काही दुकानाची पाटी नव्हे. पण काका म्हणाले, “अहो, कायदा मला बी कळतो. काचेवर एकटं मराठी बघून कोण तरी आत येणार, त्याला कलम वाचून दाखवत बसू काय?” तेव्हा कागदावर वरती कन्नड लिपीत ‘कविते ओदोण’ आणि खाली ‘कविता वाचूया’. वरची ओळ सरांच्या अक्षरात, खालची बाईंच्या. गुरुजींना हे कळलं असणारच.

डिसेंबरची बैठक इथल्या सुवर्ण सौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना आली. बंदोबस्त होता, पण रविवारी सकाळी साडेनऊला पेठेत दूधवाल्यांशिवाय कुणी नसतं. शटर अर्धं खाली. काहीच झालं नाही.

नोव्हेंबर 5, डिसेंबर 8, जानेवारी 12, फेब्रुवारी 11. चार बैठकांत कवितेच्या कप्प्यातली सात पुस्तकं विकली गेली. पुस्तकातूनच वाचायचं ठरल्यावर पुस्तक लागतंच. काकांनी कप्पा दोन फुटांचा केलाय, पाककृती खाली सरकल्या.

तोटाही आहे. खानापूर तालुक्यातला एक शेतकरी शनिवारी बाजाराचं काम उरकून यायचा, भाताच्या खळ्यावरच्या कविता त्याच्याइतक्या छान कुणी वाचल्या नाहीत. रविवारी सकाळची बस धरून तो येऊ शकत नाही. कॅफेमुळे आलेली कॉलेजची पोरं रविवारी नऊला झोपेत असतात. कॉलेजच्यांपैकी टिकली ती एप्रिलपासूनची ती एकटी मुलगी. आणि बायकांची संख्या सहावरून तीनवर आली. रविवारची सकाळ म्हणजे घरात सगळे, नाश्ता, मटण. हे मी आधी विचारायला हवं होतं, कुणाला विचारलं नाही. आता दर तीन महिन्यांनी एक बैठक शनिवारी दुपारी तीनला घेऊन बघणार आहोत. कॅफेवाला पोरगा म्हणतो, तीनला या, तेव्हा टेबलं रिकामीच असतात, मशीन मी बंद ठेवतो.

बैठक आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. पहिला रविवार मुद्दाम टाळला, कारण 2026 मध्ये एक नोव्हेंबर रविवारीच येतो. हे शोधल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून नोव्हेंबर काढला आणि दुसऱ्या रविवारवर बोट ठेवलं. 8 तारीख, लक्ष्मीपूजन. दुकानात वहीपूजन असतं, त्या दिवशी गुरुजी दर वर्षी नवी वही न्यायला येतात.

“पूजा संध्याकाळी आहे,” काका म्हणाले. “सकाळी बसा की.”

वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय.